औषध तेच, पण गोळ्यात बसवलेलं

श्रोतेहो, नमस्कार. २०२१च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी दुकानोदुकानी फिरत होते. एवढ्या बाटल्या का लागायच्या? लायपोसोमल, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलेल्या प्रकाराचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०च्या ६ बाटल्या रोज, आणि तेही काही आठवडे.

अँफोटेरिसिन १९५०च्या दशकातलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला ते भोकं पाडतं, पण आपल्या मूत्रपिंडालाही सोडत नाही. म्हणून स्निग्ध पदार्थांचे १०० नॅनोमीटरहून लहान गोळे करून त्यांच्या भिंतीतच ते बसवलं. मिलिमीटरभर रेषेत असे १०,०००हून जास्त गोळे मावतील. भिंतीतलं औषध रक्तात सहजी मोकळं होत नाही. ते बुरशीपाशी उतरतं आणि मूत्रपिंडाला झळ कमी बसते. कमी, अजिबात नाही असं नव्हे. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, तसंच पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वरचेवर तपासावंच लागतं.

हे गोळे नाजूक असतात. बाटलीत इंजेक्शनचं १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून लगेच निदान अर्धा मिनिट जोरात हलवायचं. मग ५ मायक्रॉनच्या गाळणीतून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे शिरेतून द्यायच्या साखरेच्या पाण्यात सोडायचं आणि साधारण दोन तासांत शिरेतून द्यायचं. आपण लावलेल्या कुठल्याही बाटलीला 'सलाइन' म्हणतो, पण खरं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, इथे चालत नाही. औषधाचा साका बसतो. आधी त्याच नळीतून सलाइन गेलं असेल, तर नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यावी लागते.

सर्वांत मोठा धोका नावात आहे. साधं अँफोटेरिसिनही ५० मिलिग्रॅमच्याच बाटलीत येतं, पण त्याचा डोस किलोला सुमारे १ मिलिग्रॅम. लायपोसोमलच्या हिशेबाने साध्याच्या ६ बाटल्या दिल्या, तर हृदय बंद पडू शकतं. खोक्यावर 'लायपोसोमल' हा शब्द आहे ना, हे नातेवाइकांनीही नर्सताईंसोबत वाचावं. त्यात कसला संकोच?

आणि नुसत्या औषधावर हा आजार आटोक्यात येत नाही. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते. जिथे रक्तच जात नाही, तिथे कितीही बारीक गोळा पोचणार कसा? म्हणून मेलेला भाग सर्जनना काढावा लागतो, शक्य तितक्या लवकर, आणि रक्तातली साखरही त्याच दिवसापासून काबूत आणावी लागते.