दोघींची एक जागा

(सकाळ. लालबागच्या चाळीतला दुसरा मजला. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखालून कॅमेरा खोलीत येतो.)

कापशी या माझ्या पाळीव सशाच्या डाव्या कानाला तूरडाळीच्या दाण्याएवढी खाच आहे. ती माझ्या चुकीची खूण आहे.

चिंगी या दुसऱ्या सशाला घरी आणलं त्या संध्याकाळी मी तिला थेट कापशीच्या पिंजऱ्यात सोडलं. दोघी मादीच, मग भांडतील कशाला, असं वाटलं. क्षणात दोघींचा भोवरा झाला. आईने टॉवेल टाकून सोडवलं तेव्हा फरशीभर पांढरे केस होते आणि कापशीच्या कानातून रक्त येत होतं.

आपल्या माळरानावरचा ससा एकटा राहतो, बीळही खणत नाही. घरात पाळतात तो ससा वेगळा, मूळचा युरोपातला. तो जमिनीखाली बिळांच्या जाळ्यात, घोळक्याने राहतो. म्हणून त्याला सोबत लागते. पण पिल्लांसाठी चांगलं बीळ मिळवायला त्यांच्यातल्या माद्याच एकमेकींशी झुंजतात. कापशीचा पिंजरा म्हणजे तिचं बीळ. हनुवटीखालच्या ग्रंथीचा वास तिने त्याच्या प्रत्येक गजाला लावलेला. त्यात मी परकी मादी आणून टाकली होती.

(दोन पिंजरे शेजारी शेजारी. मध्ये मोकळी जागा.)

आधी दोघींचं स्पे करून घेतलं, म्हणजे गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचं ऑपरेशन. ते नसेल तर एकीने दुसरीवर चढण्यानेही खोटं गरोदरपण येऊ शकतं. मग मादी छातीचे केस उपटून घरटं करते आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. शिवाय वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार मोठा. डॉक्टर मात्र सशांवर हात बसलेलाच शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. ऑपरेशननंतर सहा आठवडे थांबलो. अंगातले हार्मोन उतरायला तेवढा वेळ लागतो.

त्या दिवसांत पिंजऱ्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवलं, गजांतून नाक चावू नये म्हणून. एकीचा शी-शूचा ट्रे रोज दुसरीच्या पिंजऱ्यात ठेवायचा. कोथिंबिरीच्या काड्या दोघींना मधल्या बाजूच्या गजांपाशीच द्यायच्या. पहिला आठवडा कापशी पाठ करून खायची. पुढे ती वळली.

आता दोघींना एकत्र सोडायचं, तर जागा दोघींनाही अनोळखी हवी. आमच्या दोन खोल्यांत कापशीने हनुवटी घासली नाही असा कोपरा कुठला? शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे आण ना. मी दुपारी शिवणक्लासला जाते, खोली रिकामीच असते."

(काकूंची खोली. फरशीवर जुनी चादर. दोन ससे, मध्ये गवताचा ढीग.)

रोज पंधरा मिनिटं. हातात जाड टॉवेल. एकीने दुसरीवर चढणं, थोडं पळवणं चालतं, त्यातून वरचढ कोण ते ठरत असतं. पण कान मागे चिकटले आणि शेपटी ताठ झाली की टॉवेल मध्ये टाकायचा. आणि दोघींना थोडं शांत होऊ देऊन, बिनसण्याआधीच दिवस संपवायचा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण दोघींच्या लक्षात राहतो तो शेवट.

एकोणिसाव्या दुपारी कापशीने डोकं जमिनीला टेकवलं. मला चाट, असं सशाचं सांगणं असतं. चिंगीनेही डोकं टेकवलं. दोघी नाकाला नाक लावून, आधी कोण चाटतंय याची वाट बघत होत्या. शिलाई मशीनवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मी श्वास धरून बसले होते. मग चिंगी हळूच पुढे सरकली आणि तिने कापशीच्या पापणीवरून जीभ फिरवली. एकदा. पुन्हा. कापशीने डोळे मिटले.

त्यानंतरही घाई केली नाही. घरची फरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसली, पिंजरा काढून टाकला, नवं कुंपण दुसऱ्या भिंतीला लावलं. पहिल्या तीन रात्री मी त्यांच्याशेजारी चटईवर झोपले.

आता एकीला दवाखान्यात न्यायचं तरी दोघी एकाच टोपलीतून जातात. एक रात्र वेगळ्या राहिल्या आणि वास बदलला, तर सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं.

(मे महिन्याची दुपार. पंखा.)

उकाडा सशांना सोसत नाही. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली मी फरशीवर ठेवते. एक बाटली दोघींना पुरते.