बदामाच्या वासाची बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या घराघरांत कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, तयारी सुरू होते, आणि त्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बोलिन्हा यांच्या शेजारी साच्यातून काढलेले मासापांवाचे, म्हणजे मार्झिपानचे, गुलाबी-हिरवे तुकडे हमखास असतात. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा प्रकार मुळात बदामाचा. आपल्याकडे बदाम महाग आणि काजू परसातला, म्हणून इथे तो काजूच्या पिठाचा झाला. तरीही त्याला वास बदामाचा यावा ही अपेक्षा टिकून राहिली, आणि ती अनेक घरांत एका लहानशा बाटलीतले थेंब पूर्ण करतात. बाटलीवर ‘आमंड इसेन्स’ असे लिहिलेले असते. या इसेन्सचा जीव असलेले द्रव्य म्हणजे बेंझाल्डिहाइड. ते कुठून येते, कसे वागते आणि स्वयंपाकघरात, बेकरीत किंवा साबण-मेणबत्त्यांच्या घरगुती उद्योगात ते वापरताना काय सांभाळावे लागते, याविषयी आज बोलायचे आहे.

आपण दुधात घालतो त्या गोड बदामाला हा वास जवळजवळ नसतोच. मूठभर बदाम भिजवून, सोलून वाटून पाहावेत. वास येतो तो दुधाळ आणि सौम्य, इसेन्ससारखा नाकात शिरणारा नव्हे. किनाऱ्यालगत आणि अंगणांत ज्याच्या लालभडक पानगळीचा केर आपण काढत बसतो त्या देशी बदामाचा तर या कुळाशी संबंधच नाही. त्याचा गर मुले दगडाने फोडून आवडीने खातात, पण त्यालाही हा वास नसतो. हा वास आहे कडू बदामाचा. कडू बदामात, तसेच जर्दाळू, पीच आणि चेरी यांच्या आठळीतल्या गरात अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच गरात, पण वेगळ्या कप्प्यात, त्याचे विघटन करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. बी चिरडून ओली झाली की दोघांची गाठ पडते आणि अमिग्डालिन फुटून तीन गोष्टी तयार होतात: ग्लुकोज, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. वास देणारे आणि जीव घेणारे द्रव्य असे एकाच वेळी, एकाच बीतून बाहेर पडते. म्हणून बदाम किंवा जर्दाळूची बी कडू लागली तर ती गिळू नये, थुंकून टाकावी, आणि मुलांच्या बाबतीत तर याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

फ्रान्समधल्या एका औषधनिर्मात्याने १८०३ साली कडू बदामांतून हे सुगंधी तेल वेगळे केले, १८३० साली अमिग्डालिन हाती लागले, आणि १८३२ साली व्होलर आणि लीबिग या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी याच तेलावर केलेले काम कार्बनी रसायनशास्त्राच्या इतिहासात पायाभूत मानले जाते. त्या काळी मिळणाऱ्या कडू बदामाच्या कच्च्या तेलात २ ते ४ टक्क्यांपर्यंत सायनाइड असे. ते काढून टाकल्याशिवाय तेल खाण्यात वापरणे म्हणजे विषाशी खेळ होता, आणि आजही कडू बदामाचे नैसर्गिक तेल खाद्यपदार्थांसाठी विकायचे तर ते सायनाइडमुक्त करूनच विकावे लागते.

आता बाटलीकडे येऊ. बाजारातले बहुतेक बेंझाल्डिहाइड बदामातून नव्हे, तर खनिज तेलापासून मिळणाऱ्या टोल्युईनपासून तयार होते. एका पद्धतीत टोल्युईनचे हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडीकरण करतात. दुसऱ्या पद्धतीत त्यावर आधी क्लोरीनची आणि मग पाण्याची क्रिया करतात, पण या वाटेने आलेल्या मालात क्लोरीनयुक्त अंश मागे राहू शकतात, म्हणून खाद्य आणि सुगंध उद्योगात क्लोरीनमुक्त मालाची मागणी असते. या दोन्ही वाटांवर सायनाइड कुठेही तयार होत नाही. इसेन्सला सायनाइडसारखा वास येतो म्हणजे त्यात सायनाइड असणार, ही पुष्कळांच्या मनातली धास्ती त्यामुळे निराधार आहे. कृत्रिम ते घातक आणि नैसर्गिक ते निर्धोक अशी जी सरसकट विभागणी आपण करतो, ती निदान या द्रव्याच्या बाबतीत उलटी ठरते, आणि मला वाटते, ती इतरही ठिकाणी तपासून पाहण्यासारखी आहे.

कारखान्यातला रेणू आणि बदामातला रेणू यांत फरक नाही. दोन्हींत कार्बनचे सात, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक अणू त्याच रचनेत बसलेले असतात. म्हणूनच अन्नविषयक नियमांत नैसर्गिक, निसर्गसमान आणि कृत्रिम असे वासद्रव्यांचे जे तीन वर्ग केलेले आहेत, त्यांतल्या निसर्गसमान वर्गात, वेष्टनावर ‘नेचर आयडेंटिकल’ म्हणून छापतात त्या वर्गात, ते बसते. नैसर्गिक मालाला किंमत जास्त मिळत असल्यामुळे कृत्रिम माल नैसर्गिक म्हणून खपवण्याचा मोह व्यापारात असतोच. तो पकडायला किरणोत्सर्गी कार्बन उपयोगी पडतो: जिवंत झाडातून आलेल्या द्रव्यात कार्बन-१४ चा अंश सापडतो, लाखो वर्षे जमिनीत गाडलेल्या खनिज तेलातून आलेल्या द्रव्यात तो सापडत नाही.

शुद्ध बेंझाल्डिहाइड हे बिनरंगी किंवा किंचित पिवळसर द्रव आहे. ते पाण्याहून थोडे जड असल्यामुळे पाण्यात टाकले तर तळाशी जाते आणि विरघळते अगदी कमी, लिटरला साधारण सात ग्रॅम. मद्यार्कात मात्र ते सहज मिसळते, म्हणून इसेन्स तयार करताना ते मद्यार्कात किंवा प्रॉपिलीन ग्लायकोलमध्ये पातळ केलेले असते. ते १७८ ते १७९ अंश सेल्सिअसला उकळते, पण पाण्याच्या वाफेबरोबर त्याआधीच निघून जाते. पाक चुलीवर रटरटत असताना इसेन्स घालणारा माणूस शेजाऱ्यांना वास देतो आणि स्वतःच्या मिठाईला काहीच देत नाही. काजूची पेस्ट आणि साखर आटून गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की भांडे खाली उतरवावे, गोळा थोडा निवू द्यावा आणि मळताना इसेन्स घालावा.

या द्रव्याचा सर्वांत लक्षात ठेवण्यासारखा स्वभाव म्हणजे त्याला हवा सोसत नाही. काचेच्या बशीत त्याचे दोन थेंब उघडे ठेवले तर दुसऱ्या दिवशी तिथे पांढऱ्या, चकचकीत स्फटिकांची खपली दिसते आणि वास बराच मंदावलेला असतो. ते स्फटिक बेंझोइक आम्लाचे, म्हणजे ज्याचे क्षार लोणच्यांत आणि सरबतांत टिकाऊपणासाठी घालतात त्या आम्लाचे असतात. जुन्या बाटलीच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांत जमलेली पांढरी खर हीच. तिने विषबाधा होत नाही, पण माल शिळा झाला आहे एवढे ती नक्की सांगते. म्हणून हे द्रव गडद काचेच्या, शक्यतो काठोकाठ भरलेल्या बाटलीत, घट्ट बूच लावून, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवावे. बाटली अर्धी झाली की उरलेले लहान बाटलीत काढावे. थर्माकोलचा किंवा स्वस्त कडक प्लॅस्टिकचा पेला मोजमापाला घेऊ नये, कारण शुद्ध द्रव असे प्लॅस्टिक विरघळवते आणि ते विरघळलेले प्लॅस्टिक मग पदार्थात जाते.

हवेशी होणारी हीच क्रिया कापडावर धोक्याची होते. सांडलेले बेंझाल्डिहाइड पुसलेली चिंधी किंवा ते शोषलेला लाकडाचा भुसा कोपऱ्यात गोळा करून ठेवला, तर ऑक्सिडीकरणाची उष्णता आत साठत जाते आणि ठिणगी न लागताही तो पेट घेऊ शकतो. हे द्रव १९२ अंशांच्या आसपास आपोआप पेटते, आणि एवढे कमी तापमान या प्रकारच्या द्रवांत क्वचितच आढळते. अशी चिंधी पाण्यात भिजवून, झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवावी. लहान कारखान्यांत भुसा टाकून सांडलेले द्रव टिपण्याची जी सवय असते, ती या द्रव्यापुरती सोडून कोरडी वाळू वापरावी.

गेल्या काही वर्षांत गोव्यात सुगंधी मेणबत्त्या आणि हातसाबण करणारी महिला मंडळे बरीच झाली आहेत, आणि त्यांच्याकडे हे द्रव इसेन्सच्या नव्हे तर शुद्ध रूपात येते. मेणात वास मिसळताना मेण साधारण ७० ते ८० अंशांवर असते. बेंझाल्डिहाइडच्या पृष्ठभागावरची वाफ मात्र ६३ अंशांच्या सुमारासच ज्योत मिळताच भडकण्याइतकी दाट होते. म्हणजे उघड्या गॅसवर ठेवलेल्या मेणाच्या पातेल्यात ते ओतणे हा शुद्ध वेडेपणा आहे. वाफ हवेहून जड असल्याने ती पातेल्यावरून खाली, थेट शेगडीकडेच उतरते. आधी शेगडी विझवावी, पातेले दुसरीकडे न्यावे, मेण वास मिसळण्यापुरते निवू द्यावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मग बाहेर पाऊस कोसळत असला तरी. साबणवाल्यांची अडचण वेगळी आहे. साबणातल्या कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीत बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू एकमेकांवर क्रिया करून एकाचा बेंझिल अल्कोहोल आणि दुसऱ्याचा बेंझोएट होतो. ही अभिक्रिया कानित्सारो या इटालियन शास्त्रज्ञाने १८५३ साली दाखवून दिली आणि ती आजही त्याच्याच नावाने शिकवतात. कॉस्टिक अजून पूर्ण न मुरलेल्या ताज्या साबणात घातलेल्या बदामी वासाचा काही भाग त्यामुळे वाया जाऊ शकतो, आणि त्यावर उपाय म्हणून मात्रा दुप्पट करणे म्हणजे अंग धुणाऱ्याच्या कातडीला त्रास देणे होय.

मात्रेचा हिशेब खाण्यातही तितकाच काटेकोर हवा. मिठाईत आणि बेकरीच्या पदार्थांत हे द्रव्य साधारणपणे किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास वापरले जाते, म्हणजे एका मिलिलिटरचा जेमतेम दहावा भाग. एवढ्या मात्रेचे शरीर काय करते हे चांगले माहीत आहे: यकृत त्याचे बेंझोइक आम्ल करते, ते ग्लायसिन या शरीरातल्याच अमिनो आम्लाशी जोडले जाते आणि हिप्युरिक आम्लाच्या रूपात लघवीवाटे बाहेर पडते. गफलत होते ती शुद्ध द्रव आणि इसेन्स यांची अदलाबदल झाल्यावर. पाककृतीत ‘एक छोटा चमचा’ लिहिलेले असते ते पातळ केलेल्या इसेन्सबद्दल; त्याच चमच्याने शुद्ध द्रव घातले तर पदार्थ कडवट, जीभ चरचरवणारा होतो आणि ते प्रमाण खाण्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही. शुद्ध माल स्वयंपाकघरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळाच्या मालिशीच्या गोड बदाम तेलात ‘वास यावा’ म्हणून या बाटलीतला थेंब घालण्याचा मोहही टाळावा. बाळाची त्वचा त्यासाठी नाही.

बाजारातून सुटी, बिननावाची, ‘बदाम सेंट’ म्हणून मिळणारी बाटली मात्र हातात घेऊ नये. नायट्रोबेंझीन नावाच्या द्रव्याला हुबेहूब असाच वास येतो, आणि ‘मिरबेन तेल’ या गोंडस नावाने ते एके काळी स्वस्त साबणांत सर्रास घालत असत. ते कातडीतून रक्तात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेते. ओठ आणि नखे निळी पडतात. नाकाला दोन्हींतला फरक कळत नाही. तो केवळ लेबलावरून कळतो, म्हणून उत्पादकाचे नाव, घटक, खाद्य परवान्याचा क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली नसेल तर ती बाटली खाण्यासाठी घेण्याच्या लायकीची नाही. आणि खाण्यास योग्य म्हणजे हुंगण्यास योग्य असेही नव्हे: पोटात गेलेले द्रव्य यकृतातून जाते, वाफेवाटे फुप्फुसात गेलेले थेट तिथल्या नाजूक आवरणाला डिवचते. दम्याच्या रोग्याने बंद खोलीत अशा वाफांपाशी बसू नये.

शुद्ध द्रव हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा. डोळ्यांत उडाले तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरकडे जावे. अंगावर सांडले तर ते कपडे लगेच उतरवावेत, त्वचा साबणाने धुवावी, आणि ते कपडे चुरगाळून टोपलीत न टाकता पाण्यात बुडवून ठेवावेत. मुलाने बाटली तोंडाला लावलीच तर ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण द्रव परत वर येताना फुप्फुसात उतरण्याची भीती असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती बाटली, रिकामी असली तरी, लेबलासकट बरोबर न्यावी, म्हणजे आत नक्की काय होते आणि किती तीव्रतेचे होते हे डॉक्टरांना विचारत बसावे लागणार नाही.

नमस्कार.