शहाद्याजवळ सापडलेला हरवलेला पक्षी

[दृश्य: रात्र. गव्हाचं शेत, मोटरीचा आवाज, बांधावर बॅटरीचा झोत.]

खान्देशात रात्रीची लाईट आली की माणूस गव्हाला पाणी भरायला मळ्यात जातो. बॅटरी मारली आणि समोरून दोन डोळे चमकले, की दुसऱ्या दिवशी पारावर तोच विषय. “मी सोता देखं ना भाऊ!” असं तो छातीठोकपणे सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणी मुंजाचं नाव घेतं, कुणी चकव्याचं.

त्याला वेड्यात काढायची घाई करू नका. त्याने काहीतरी पाहिलेलंच असतं. बहुतेकदा ते तरस असतं. तरसाचे पुढचे पाय लांब आणि मागचे आखूड, म्हणून ते लंगडत चालल्यासारखं वाटतं. बिथरलं की पाठीवरची आयाळ ताठ उभी राहते आणि बघता बघता ते आहे त्यापेक्षा बरंच मोठं दिसायला लागतं. डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणून झोत पडला की डोळे पेटतात. ते मेलेल्या जनावरांवर जगतं, त्यामुळे गावाबाहेर, हाडकांच्या आसपास दिसतं आणि त्याच्याभोवती नाही नाही त्या गोष्टी तयार होतात. तरस हसतं म्हणतात, पण ते खिदळणं आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचं. आपलं पट्टेरी तरस बहुतेक वेळ गप्पच असतं.

पडक्या गढीतून रात्री कुणी घोरल्यासारखा, फुत्कारल्यासारखा आवाज येतो. ती गव्हाणी घुबडाची पिल्लं, भूक लागली म्हणून आईबापाला हाका मारत असतात. तापीच्या पात्रात मध्यरात्री कुणीतरी विव्हळल्यासारखं ओरडतं, तो करवानक. पाय लांब, डोळे मोठे, रंग थेट मातीचा, त्यामुळे दिवसा समोर असूनही दिसत नाही.

पण याच खान्देशात एक पक्षी असा होता, की शंभर वर्षांहून जास्त काळ जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला तो सापडला नाही. आणि तो रात्रीचा नव्हता. दिवसाउजेडी फांदीवर बसणारा होता.

[दृश्य: सातपुड्याचा डोंगर, पानगळ झालेलं सागाचं जंगल.]

त्याचं नाव रानपिंगळा, म्हणजे एक लहानसं घुबड. लांबी साधारण २३ सेंटीमीटर. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांना तो पहिल्यांदा मिळाला, आजच्या छत्तीसगडच्या भागात. पुढच्याच वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या शहादा-तळोद्याच्या बाजूला, हा पक्षी अनेकदा दिसला. त्याने नमुनेही जमवले. शेवटचा नमुना १८८४ चा. त्यानंतर काहीच नाही.

संग्रहालयांत भरून ठेवलेली मोजून सात कातडी उरली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षीशास्त्रातल्या दिग्गजांनी शोध घेतला, त्यांनाही रानपिंगळा दिसला नाही. तो संपला, असंच बहुतेकांनी धरलं.

या कथेत एक चोरही आहे. रिचर्ड मायनर्ट्झहागेन हा ब्रिटिश कर्नल पक्षीशास्त्रात फार मोठं नाव मानला जायचा. आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मिळाला, असा त्याचा दावा होता. त्यावर विश्वास ठेवून लोक त्या भागात शोधत राहिले. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी ते कातडं हातात घेऊन बारकाईने तपासलं. त्याचा क्ष-किरण काढला. वरून ते नव्याने भरलेलं होतं, पण आतली भरण्याची जुनी धाटणी डेव्हिडसनची निघाली. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला डेव्हिडसनचा नमुना उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली होती. हे वाचून राग येतो. खान्देशचा पक्षी चोरीला गेला तो गेलाच, वर त्याचा पत्ताही बदलला.

ती खोटी नोंद बाजूला काढल्यावर खरे पत्ते थोडेच उरले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७ मध्ये भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, तिथे हाती काही लागलं नाही. मग ते शहाद्याला आले.

[दृश्य: सकाळचं कोवळं ऊन, निष्पर्ण झाडाचा शेंडा.]

२५ नोव्हेंबर १९९७ ची सकाळ. उघड्या फांदीवर एक लहानसा पिंगळा ऊन खात बसलेला किंगना दिसला. तिघांनी दुर्बिणी लावल्या. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर तपकिरी रंग, पोट पांढरंशुभ्र. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले, आणि अंगाच्या मानाने पंजे दांडगे. फोटो काढले, चित्रण केलं. ११३ वर्षांनी रानपिंगळा जिवंत सापडला होता. शहादा आज ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तो तेव्हा झालेलाही नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे ही नोंद धुळे जिल्ह्यातली.

पुढे तोरणमाळला, यावलच्या अभयारण्यात, मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांतही तो आढळला. आणि मला राहून राहून वाटतं, की तो हरवला होता तो पुस्तकांतून. सातपुड्याच्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मोहाची फुलं वेचायला पहाटे जंगलात जातात. दिवसा शिकार करणारा, सरडे आणि उंदीर धरणारा पक्षी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलाच असणार. ११३ वर्षांत त्यांना कुणी किती विचारलं?

समुद्रातही हेच झालं आहे. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका ट्रॉलरच्या जाळ्यात निळसर, जाड खवल्यांचा, दीड मीटर लांबीचा मासा आला. तिथल्या ईस्ट लंडन शहराच्या लहानशा संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांनी तो ढिगातून बाजूला काढला. तो सीलॅकँथ होता, डायनोसॉरांबरोबरच संपला असं मानलेला. दुसरा नमुना मिळायला १९५२ साल उजाडलं, कोमोरो बेटांवर. तिथल्या कोळ्यांना तो आधीपासून माहीत होता. त्यांच्याकडे त्याला गोंबेसा हे नावसुद्धा होतं.

[दृश्य: तोरणमाळच्या वाटेवर जंगलात तोडलेल्या जागा, शेतं.]

आज रानपिंगळा धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. पूर्ण वाढ झालेले पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. त्याला जुन्या झाडांची ढोली लागते आणि मोकळं सागवानी रान लागतं. झाड तुटलं की घर गेलं. शिवाय घुबड म्हणजे अपशकुन, घुबड म्हणजे करणी, या समजुतीपायी अंडी, पिसं, पक्षीसुद्धा जातात. दिवाळी जवळ आली की घुबडांवर जास्तच संकट येतं. लक्ष्मीच्या नावाने तिचंच वाहन मारायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मांडुळाचंही तसंच. बिचाऱ्याची शेपटी बोथट असते, धोका वाटला की तो डोकं वेटोळ्यात लपवून ती वर करतो. तेवढ्यावरून त्याला दोन तोंडं चिकटवली गेली आणि गुप्तधनाच्या नादात त्याचा बाजार मांडला गेला.

सातपुड्यात फिरताना दिवसा एखादा पिंगळा दिसला, तर आधी त्याचं डोकं बघा, ठिपके आहेत की कोरं आहे. शेपटी बाजूंना झटकतोय का तेही बघा, रानपिंगळ्याची ती सवय आहे. लांबूनच फोटो काढा, तारीख आणि शिवाराचं नाव लिहा. ढोलीजवळ जाऊ नका आणि नेमकी जागा मोबाईलवर पसरवू नका. जखमी पक्षी दिसला किंवा कुणी घुबड विकताना आढळलं, तर वन विभागाचा नंबर आहे १९२६.