उंच मुलांनाही दारात येऊ द्या

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

सगळ्यांना नमस्कार. दूध आटतंय, तोवर मला बोलायला सांगितलंय. हॅलोवीनच्या रात्री सोंग घेऊन दारोदार खाऊ मागायला वयाची अट असावी का, हा विषय मीच मागून घेतला, कारण दोन वर्षं तो मनातून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या शेजारी नाशिकहून एक कुटुंब राहायला आलं. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. शाळा नवी, उच्चार नवे, डबा खायला सोबत कुणी नाही. ऑक्टोबरात वर्गातल्या मुलींनी तिला हॅलोवीनला बोलावलं आणि या पोरीने आठवडाभर खपून वासुदेवाचं सोंग तयार केलं. पुठ्ठ्याची उंच टोपी, तिच्यावर मोरपिसं, बाबांचा झब्बा, आजीने सामानात घातलेल्या चिपळ्या. दारोदार जाऊन मागायचं तर वासुदेवच व्हायला हवं, हे तिचं तिला सुचलं होतं. प्रत्येक दारात ती ‘दान पावलं’ म्हणायची आणि मैत्रिणींनाही म्हणायला लावायची.

चौथ्या-पाचव्या घरी दार उघडलं, त्या बाईंनी बाकीच्यांच्या पिशव्यांत चॉकलेटं टाकली आणि हिला विचारलं, “तू जरा मोठी नाहीस का या सगळ्याला?” मुलगी उंच आहे, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच दिसते. त्यानंतर ती एकाही दारापर्यंत गेली नाही. टोपी काढून हातात धरली आणि फुटपाथवर मैत्रिणींची वाट बघत उभी राहिली. मी माझ्या धाकट्याला घेऊन मागून येत होते. तो चेहरा मी पाहिलाय.

गंमत म्हणून नाही सांगत, पण नियमाने तिला पूर्ण मुभा होती. व्हर्जिनियातल्या आपल्या या हॅम्प्टन रोड्स भागातल्या चेसापीक शहराने १९७० मध्ये एक कायदा केला. बारा वर्षांवरचा कुणी ट्रिक-ऑर-ट्रीट, म्हणजे असा दारोदार खाऊ मागताना दिसला तर तो गुन्हा, त्याला दंड आणि कागदावर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास! शेजारच्या काही शहरांतही वयाची अट होती. २०१८ मध्ये हा कायदा देशभर बातम्यांत आला, लोकांनी कपाळाला हात लावला, आणि २०१९ मध्ये शहराने तुरुंगाची तरतूद काढून वयाची मर्यादा चौदावर नेली. या कायद्याखाली कुणालाही कधी अटक झालेली नाही, असं शहरच सांगतं. तिकडे कॅनडात, न्यू ब्रन्सविकमधल्या बाथर्स्टने २०१७ मध्ये चौदाची मर्यादा सोळावर नेली. कुठे बारा, कुठे चौदा, कुठे सोळा. मूल तेच आणि आकडा प्रत्येक वेशीवर वेगळा. मला तरी या आकड्यांत मुलांविषयी काही कळल्याचं दिसत नाही.

आणि ही प्रथा वाढली कशी, ते पाहा. १९२० आणि ३०च्या दशकांत अमेरिकेत हॅलोवीनची रात्र म्हणजे पोरांचा धुडगूस असायचा. फाटकं उचलून न्यायची, काचा फोडायच्या, आगी लावायच्या. हे करणारे काही पाच वर्षांचे नव्हते, मिसरूड फुटायला आलेले मुलगे होते. त्यांना आवरायला शेजाऱ्यांनी आणि संस्थांनी खाऊ पुढे केला. या, खा, आणि आमच्या फाटकाला हात लावू नका. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं. ते १९४७ मध्ये उठलं, आणि मग गावोगाव हा खाऊ सुरू झाला. म्हणजे ज्या वयाच्या पोरांना शांत करायला दारं उघडली, त्याच वयाला आज आपण दारातून परत पाठवतो.

मी गुहागरकडची. आमच्याकडे शिमग्यात संकासूर येतो. काळा पोशाख, डोक्यावर निमुळती टोपी, कमरेला घुंगरू. घुंगरांचा आवाज आला की आम्ही आजीच्या पदरामागे लपायचो आणि तिथूनच डोकावून बघायचो. सोबत गोमू नाचायची, म्हणजे गोमूच्या वेषातला मुलगाच. घराघरांपुढे खेळ व्हायचा आणि घरधनी पैसे, नारळ हातावर ठेवायचे. ते खेळे वीस-पंचवीस-चाळीस वर्षांचे असायचे, मुंबईहून रजा टाकून आलेले चाकरमानीही असायचे. त्यांना कुणी वय विचारल्याचं मला आठवत नाही. संक्रांतीला तिळगूळ मागायला गेलेल्या कॉलेजातल्या मुलाला तुम्ही कधी परत पाठवलंय का?

आपण इथे पंचविशीत आलो, आपलं बालपण तिकडे भरपूर झालं. आपल्यातली कितीतरी मुलं मात्र दहाव्या, बाराव्या, चौदाव्या वर्षी येतात. आईबाबांची बदली झाली, व्हिसा आला, की वर्ग अर्धा सोडून विमानात बसतात. त्यांचं पहिलं हॅलोवीन हेच. त्यांना ‘तुझं वय गेलं’ म्हणायचं, तर ते कधी आलं होतं?

मुलांनाही सांगते, तुम्ही मागे बसलायत, ऐका. दिवा बंद असलेलं दार वाजवायचं नाही. छोट्यांना आधी पुढे जाऊ द्यायचं. तोंड पूर्ण झाकणारा मुखवटा नको, रंग लावा. अंधारात उंच, मुखवटा घातलेला मुलगा दारात दिसला की एकटी राहणारी म्हातारी बाई दचकते, आणि आपली मुलं सावळी आहेत, त्यामुळे मला आई म्हणून याची जास्त काळजी वाटते. काहीतरी सोंग करा, रोजच्या हूडीत पिशवी घेऊन जाऊ नका. आणि आठला घरी.

ती मुलगी आता पंधरा वर्षांची झाली. चेसापीकच्या कायद्याने आता तिची मुदत खरोखरच संपली. यंदा ती पिशवी घेणार नाही. तिने मला विचारलं, “काकू, मंडळातल्या लहान मुलांना मी फिरवून आणू का?” तिच्याबरोबर अजून तिघं मोठी मुलं तयार आहेत. चार मोठी, प्रत्येकाबरोबर तीन-चार लहान. दुधाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे, ज्यांना आपलं पिल्लू पाठवायचंय त्यांनी नाव आणि फोन लिहा. टोपी तिने जपून ठेवली होती, या वर्षी पुन्हा घालणार आहे. तुमच्या दारात मोरपिसांची टोपी दिसली, तर छोट्यांना देऊन झाल्यावर तिच्या हातावरही काहीतरी ठेवा. ती दान पावलं म्हणेल.