बटाटा, प्लास्टर आणि दोन दारांची पेटी

[पातेल्यात बटाटे रटरटतायत. पाच-सहा सेकंद नुसता आवाज.]

हे बटाटे जेवणाचे नाहीत बरं का. पेरू देशातलं आयाकुचो, अँडीज डोंगरात जवळजवळ 2,750 मीटर उंचीवरचं शहर, आणि या घरात सकाळचं पहिलं पातेलं चढतं ते पेटीतल्या बाहुल्यांच्या कामासाठी. बटाटा उकडायचा, सोलायचा, एकही गुठळी राहणार नाही असा कुस्करायचा अन् त्यात प्लास्टरची बारीक पूड टाकत टाकत मळत राहायचं. पूड किती ते कोणी मोजत नाही, गोळा बोटांना चिकटायचा थांबला की झालं. पुरणपोळीची कणीक मळणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, तीही प्रमाण असंच सांगेल.

आता हात बघा. वाटाण्याएवढा गोळा तळहातावर फिरवला की झालं डोकं. हत्यार म्हणाल तर एक लाकडी काडी, टोकाला घासून चपटी केलेली, तिनंच डोळे, तिनंच बोटं, तिनंच हॅटची कड अन् पाठीवर बांधलेल्या बाळाच्या शालीच्या घड्या. साचेसुद्धा असतात, जुने कारागीरही वापरायचे, त्यामुळे उगाच 'सगळं हातानं' म्हणून डोक्यावर घेण्यात अर्थ नाही. पण साच्यातून निघालेला बैल आणि या काडीखालून निघालेला बैल शेजारी ठेवा, मान वळवलेला कुठला ते लगेच कळतं.

[वाळत ठेवलेल्या बाहुल्यांच्या रांगा. मग ब्रश हातात घेतलेली मुलगी.]

वाळल्यावर रंग. वडील घडवतात, आई पेटीच्या दारांवर फुलं काढते, चेहरे मुलीकडे, कारण भुवई काढताना हात कापून चालत नाही.

या पेटीला म्हणतात रेताब्लो. दोन दारं, आत दोन मजले, बिजागरीच्या जागी बऱ्याचदा चामड्याची पट्टी. आज दिवाणखान्यात शोभेला ठेवतात, पण मूळचं काम वेगळं होतं अन् मला विचाराल तर खरी गोष्ट तिथंच आहे. जुनं नाव सान मार्कोसची पेटी. खेचरांवर माल लादून डोंगरोडोंगरी फिरणारे व्यापारी ती गुराख्यांच्या वस्तीवर घेऊन जायचे. वरच्या मजल्यावर संत, प्रत्येकाकडे आपापलं खातं, गुरंढोरं सान मार्कोसची, मेंढ्या सान हुआनच्या. खालच्या मजल्यावर मालक, गुराखी, जनावरं. गुरांना डाग द्यायचा सण आला की हीच पेटी उघडून मांडायची, हाच देव्हारा. दारं का, तर खेचराच्या पाठीवर देव फुटू नये म्हणून! आपल्याकडे मरीआईवाले डोक्यावर दाराचा देव्हारा घेऊन फिरतात तो आठवा.

मग मोटाररस्ते आले, खेचरं गेली, पेटीचं गिऱ्हाईक गेलं. होआकिन लोपेस आन्ताय, जन्म 1897, हे काम आजीकडून शिकलेला माणूस. 1940 च्या दशकात राजधानी लिमाहून आलिसिया बुस्तामान्ते नावाच्या चित्रकार-संग्राहक बाई त्याच्याकडे आल्या, त्यांच्या प्रोत्साहनानं संतांच्या जागी बाजार, कापणी, कोंबड्यांची झुंज, टोपीवाल्याचं दुकान असले देखावे बसायला लागले. रेताब्लो हे नावही या बाईंच्याच मंडळींत रूढ झालं.

लोपेस आन्तायला 1975 चा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार जाहीर झाला आणि लिमात वाद पेटला. चित्रकारांच्या संघटनेनं निषेध केला, म्हणे ही तर हस्तकला, कलेचं बक्षीस हिला कसं? कॅनव्हासवर काढलं तर कला अन् बटाट्यात घडवलं तर हस्तकला, हा हिशोब मला अजून समजलेला नाही. पुरस्कार त्यालाच मिळाला, ते बरं झालं.

[काळ्या-करड्या रंगातला एक जुना रेताब्लो. हळू झूम.]

1980 ते 2000, सेंदेरो लुमिनोसो हे माओवादी बंडखोर अन् लष्कर यांच्यामधल्या लढाईची वर्षं. सत्यशोधन आयोगाचा अंदाज सुमारे 69,000 मृत आणि बेपत्ता, त्यातले 40 टक्क्यांहून जास्त एकट्या आयाकुचो प्रांतातले; कारागीर लिमाला पळाले, काही परदेशी गेले, आणि एदिल्बेर्तो हिमेनेससारख्यांनी हे सगळं पेटीतच मांडलं.

[इथे निवेदन नाही. दहा सेकंद.]

परत कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, अंगण आणि एक खोली. आजची पेटी टोपीवाल्याच्या दुकानाची, भिंतीवर एकाखाली एक पांढऱ्या टोप्या, प्रत्येक टोपी नखाएवढी, अन् सगळ्यात खाली झोपलेलं कुत्रं. कुत्रं ऑर्डरमध्ये नव्हतं. मुलीनं टाकलं, वडील काही बोलले नाहीत.

गोंद वाळला. आता ही पेटी लिमाला जाणार, बसनं, कोणाच्या तरी मांडीवर. दारं लावून वरून दोरी बांधली.

[दोरीची गाठ. कट.]