हातच्याची वजाबाकी आणि टीचरांचा ग्रुप

(दृश्य: सत्तरीतला रस्ता, दोन्ही बाजूंनी काजूची झाडं, मग कौलारू शाळा)

निवेदन:

ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एक सरकारी मराठी प्राथमिक शाळा. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे काजूची बाग, आणि पहिली ते चौथी मिळून मुलं इतकी थोडी की हजेरी घ्यायला मिनिटभर पण लागत नाही. टीचर एकच. चारही वर्ग तिच्याकडे, माध्यान्ह आहाराची नोंद तिच्याकडे, ऑनलाइन भरायची सगळी माहिती तिच्याकडे, आणि मतदार यादीचं काम आलं की ते पण तिच्याच गळ्यात.

गोव्यात अशा शाळा डोंगराच्या कुशीतल्या वाड्यावर पण दिसतात, त्याला कारण आहे. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावागावात मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. ज्या घरात कधी कोणी पाटी धरली नव्हती त्या घरातली मुलं शाळेत जायला लागली, आज गोव्यात साठी-सत्तरीत असलेले कितीतरी लोक याच शाळांत शिकलेत. नंतर कुटुंबं म्हापसा, फोंडा, पणजीकडे सरकली, पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले, पट घसरला. शाळा राहिली, शिक्षक एकच उरला.

आता पट घसरला हे सगळे बोलतात, पेपरात पण येतं. पण एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे त्या एकट्या शिक्षकाला काही अडलं तर विचारायचं कोणाला? मोठ्या शाळेत चहाच्या सुट्टीत बाजूच्या खुर्चीवरच्या बाईंना विचारता येतं, अगो, तुझ्या वर्गात हे कसं घेतलंस. इथे बाजूची खुर्चीच नाहीये. ती खुर्ची आता मोबाईलमध्ये आलीय आणि आजचा हा व्हिडिओ तिच्याबद्दलच आहे.

(दृश्य: वहीचं पान, पेन्सिलीने सोडवलेलं गणित)

हे पान नीट बघा. ५२ वजा २७, आणि मुलाने उत्तर लिहिलंय ३५. खरं उत्तर २५. टीचरने लाल पेनाने चूक केलं, परत समजावलं, दुसऱ्या दिवशी परत तेच. तिने वहीचा फोटो काढला आणि त्या रात्री शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली एकच ओळ, "तिसरीतले तिघे जण असंच करतात, काय करू?"

पहिलं उत्तर आलं डिचोलीहून. मुलगा चुकून काहीतरी लिहित नाहीये, त्याचा एक नियम आहे, तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर कुठला अंक आणि खाली कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्या सरांनी पुढे लिहिलं, शिकवायच्या आधी त्याला विचारा "तू हे कसं केलंस", आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.

दुसरं उत्तर पेडण्याहून, सोबत छोटा व्हिडिओ. माडाच्या झावळीचे हीर, सारख्या लांबीचे तुकडे केलेले, दहा-दहाच्या जुड्या, वर रबर. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुटे. आता सात द्यायचेत आणि हातात सुटे दोनच आहेत. मग मूल स्वतःच जुडीचं रबर काढतं. दशक सुटा करणे म्हणजे काय ते त्याच्या बोटांना कळतं, फळ्यावर नंतर लिहिलं तरी चालतं.

तिसरं उत्तर व्हॉइस नोट, कोंकणीत. हे इथे नेहमीचंच आहे, टाईप करताना मराठी आणि बोलताना कोंकणी. काणकोणच्या एका टीचरने सांगितलं की तिने पण जुड्या वापरल्या होत्या, पण वहीत लिहायची वेळ आली की मुलं परत जुन्या वळणावर गेली, म्हणून तिने बरेच दिवस जुड्या आणि वही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून घेतलं. कुठे अडतं ते तिने आधीच सांगून ठेवलं. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं उत्तर हेच होतं.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली हेच मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती माहीत असणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मध्ये एक तिसरं ज्ञान असतं जे फक्त शिक्षकाकडे असतं, म्हणजे अमुक धड्यात मुलं कुठे अडतात, का अडतात आणि तिथून त्यांना कसं काढायचं. ते शिक्षकांच्या डोक्यात विखुरलेलं असतं आणि बऱ्याचदा शिक्षक रिटायर झाला की त्याच्यासोबत जातं. ग्रुपवर त्या रात्री जे झालं ते म्हणजे चार तालुक्यांत विखुरलेलं तेच ज्ञान थोड्या वेळात एका ठिकाणी आलं, कोणाला गाडी काढून पर्वरीला जावं लागलं नाही.

पर्वरी म्हटलं की इथल्या शिक्षकांना एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद आठवते, प्रशिक्षणं तिथून आखली जातात. सरकारी बाजूने पण गेल्या काही वर्षांत बरंच ऑनलाइन आलंय. दीक्षा हा शाळांसाठीचा सरकारी ऑनलाइन प्लॅटफॉर्म ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाला, त्यातलं साहित्य डाउनलोड करून ठेवलं की नेट नसताना पण बघता येतं, सांगे-सत्तरीच्या शाळांना हे फार कामाचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी निष्ठा प्रशिक्षण आलं, आधी समोरासमोर, मग कोविडमुळे ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर ऑनलाइन, प्राथमिकसाठी १८ मॉड्यूल. नव्या शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत असं लिहिलंय.

हे कोर्स वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही, काही मॉड्यूल खरंच चांगली आहेत, शांतपणे बघितली तर वर्गात उपयोगी पडतात. पण ती बघितली कशी जातात ते पण सांगायला हवं. घरी येऊन स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या सासूची औषधं, आणि मग रात्री व्हिडिओ लावून ठेवायचा, प्रश्नमंजुषा सोडवायची, सर्टिफिकेट डाउनलोड करून त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा कारण शेवटची तारीख आलेली असते. शिक्षक आळशी म्हणून असं होत नाही, त्या शिकण्याला दिवसात वेळच ठेवलेला नाही म्हणून होतं. आणि कोर्सला उलट प्रश्न विचारता येत नाही. माझ्या वर्गातली मुलं घरी कोंकणी बोलतात, काहींची आई कन्नड बोलते, आणि वाचन मराठीतून आहे, त्यांना पहिलीत सुरुवात कशी करून देऊ, याचं उत्तर ज्याने असाच वर्ग घेतलाय तोच देऊ शकतो.

कोविडच्या दिवसांत हे सगळ्यांना लख्ख दिसलं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, आणि गुगल मीट कसं चालवायचं, मीटिंगची लिंक कशी पाठवायची, गुगल फॉर्म कसा बनवायचा हे इथल्या बहुतेक शिक्षकांना दुसऱ्या शिक्षकानेच फोनवर शिकवलं. रेंज नसलेल्या वाड्यांवर ऑनलाइन वर्ग पोचला नाही तेव्हा कुठे स्वाध्यायाचे कागद घरपोच गेले, कुठे मंदिराच्या मंडपात चारचार मुलं बसवली. यातल्या चांगल्या युक्त्या पण मेसेजवरूनच पसरल्या. पुढे सीमेपलीकडचं पण दिसायला लागलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. मराठी शाळेचा शिक्षक म्हणून इथे कितीजणांची छाती तेव्हा फुगली होती!

(दृश्य: चतुर्थीची माटोळी, जवळून)

महाराष्ट्रातल्या शिक्षकांचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत आणि गोव्यातले शिक्षक ते वापरतात. पण परिसर अभ्यासाला आपलाच परिसर लागतो. चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात, कांगणी, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, रानातलं आणि परसातलं काय काय. सत्तरीच्या एका सरांनी मुलांना आजोबांसोबत रानात पाठवलं, प्रत्येक फळाचा फोटो, कुठे मिळालं, झाड की वेल, खातात की नाही, औषधाला लागतं का, एवढं विचारून आणायला सांगितलं. तो नमुना त्यांनी ग्रुपवर टाकला. सालसेतच्या टीचरने तेच घेतलं पण तिच्याकडे रान नाही, म्हणून मुलांना बाजारात पाठवलं, माटोळीचं सामान कोण विकायला बसतं, कुठल्या गावाहून येतं, केवढ्याला देतं. एकाच कल्पनेतून दोन वेगळे धडे झाले, आणि दोन्ही कुठल्याही पुस्तकात नव्हते.

आता ग्रुपची दुसरी बाजू पण सांगतो. सकाळी सकाळी फुलांचे फोटो, सुविचार, एकच परिपत्रक पाचपाच वेळा फॉरवर्ड, आणि त्यात कोणाचा तरी खरा प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. नव्या टीचर तर विचारायलाच घाबरतात, वरिष्ठ बघतायत, लोक काय म्हणतील. ज्या ग्रुपवर भागशिक्षणाधिकारी असतात तिथे "मला हे जमत नाहीये" असं लिहायला मोठं धैर्य लागतं, साहेब कितीही चांगले असले तरी. म्हणून हा ग्रुप फक्त वर्गात शिकवणाऱ्यांचा ठेवलाय आणि परिपत्रकांना तिथे जागा नाही. माझ्या मते तो टिकलाय तो या एका नियमामुळे.

दुसरा नियम मुलांच्या फोटोंचा. चेहरा नाही, नाव नाही, फक्त वही किंवा हात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलीय, पण कायदा नसता तरी चुकलेल्या गणिताखाली मुलाचं नाव गावभर फिरणं बरोबर नव्हतंच.

(दृश्य: लॅपटॉपवर फोल्डरची यादी)

सध्याचं मोठं काम साठवणुकीचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं चांगलं उत्तर महिन्याभरात सापडत नाही, फोन बदलला की गेलंच, म्हणून तीन शिक्षकांनी गुगल ड्राइव्हवर इयत्ता आणि धड्याप्रमाणे फोल्डर केलेत. प्रत्येक फोल्डरमध्ये आधी मुलाची चूक, मग काय करून बघितलं, मग काय झालं, जमलं नाही तर ते पण. फुकटची १५ जीबी व्हिडिओंनी कधीच भरली, आता पुढची जागा एक सर स्वतःच्या खिशातून भरतायत, आणि ते सर मे महिन्यात रिटायर होतायत. एससीईआरटीने किंवा डाएटने, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेने, हा साठा स्वतःच्या जागेवर ठेवावा आणि सांभाळायचं काम शिक्षकांकडेच राहू द्यावं, असं पत्र ग्रुपने तयार केलंय. त्यातच दुसरी मागणी पण आहे, एकमेकांचे प्रश्न सोडवायला दिलेला वेळ त्या ५० तासांत धरा. जूनमध्ये शाळा भरायच्या आत ते पत्र घेऊन पर्वरीला जायचं ठरलंय, आणि सरांच्या जागी फोल्डर कोण बघणार ते पण ठरलंय, वजाबाकीचा प्रश्न विचारणारी सत्तरीची तीच टीचर.