माघारीचा भाव

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, ओळख करून देताना मला 'क्रीडा-संगणक अभ्यासक' म्हटलं गेलं. मी गणिताच्या शिकवण्या घेतो. हे वर्णन घरी ऐकलं असतं तर बायकोनं आधी दळण आणायला पाठवलं असतं, अभ्यास मग. मागच्या व्याख्यानाला, म्हणजे हळदीवरच्या करप्याच्या व्याख्यानाला, आजच्यापेक्षा गर्दी होती हेही मला प्रवेशद्वारातच सांगण्यात आलं. असू दे. हळद आधी, पोकेमॉन नंतर, हा सांगलीतला क्रम मला मान्य आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय 'पोकेमॉन: नऊ पिढ्यांचे डावपेच'. पिढी म्हणजे खेळाची नवी आवृत्ती. पन्नास मिनिटांत नऊ पिढ्या. विषय मीच दिलाय, त्यामुळं तक्रार कुणाकडं करायची हा प्रश्नच आहे.

कार्टून सगळ्यांनी पाहिलंय, चिप्सच्या पुड्यातले टाझो निम्म्या लोकांनी जमवलेत, तेव्हा पिकाचू कोण हे सांगत बसत नाही. पण कार्टून विसरा, आज पोकेमॉनचा व्हिडिओ गेम. कार्टूनमध्ये पोरगं ओरडतं आणि पिकाचूला जोर चढतो. खेळात ओरडून काही होत नाही, आम्ही करून पाहिलंय. खेळात दोघांकडं सहा-सहा प्राणी. मैदानात एका वेळी एकेकच. प्रत्येक फेरीला दोघंही गुपचूप ठरवतात: मारायचं, की आतला बाहेर आणि बाहेरचा आत करायचा. आणि नियम असा की अदलाबदल आधी होते, मार नंतर. म्हणजे तुम्ही जखमी गडी मागं घेतला तर त्याच्यासाठी उगारलेला तडाखा नव्या गड्यावर पडतो. हे वाक्य लक्षात ठेवा. बाकीचं व्याख्यान झोपेत ऐकलंत तरी चालेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की या खेळाचा सगळा इतिहास हा माघारीच्या भावाचा इतिहास आहे. लोक 'कुठला पोकेमॉन भारी' यावर भांडतात. ते भांडण मला बेदाण्याच्या रंगावरून भांडण्यासारखं वाटतं. खरा प्रश्न, मागं फिरायला किती पैसे पडतात.

हे मला कुठल्या पुस्तकातनं कळलं नाही. थोरल्या मामांकडनं कळलं, आणि त्यांना पोकेमॉन हा शब्दही नीट म्हणता यायचा नाही. 'पोकळमान' म्हणायचे. (हशा) मी नववीत होतो. माझा आतेभाऊ मुंबईहून सुट्टीला आला तो दोन गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायची यंत्रं, आणि त्यांना जोडायची तार घेऊन. दोन्हींत सोनेरी-चंदेरीवाली कॅसेट, म्हणजे गोल्ड आणि सिल्व्हर. एक यंत्र मला वापरायला दिलं, उपकार केल्यासारखं. तो आतेभाऊ आज तिसऱ्या रांगेत बसलाय. हात वर करू नकोस, लोक ओळखतील.

त्या तारेबद्दल एक सांगतो. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडायचे. गेम बॉयची ही तार पाहून त्यांच्या डोक्यात आलं की या तारेतनं एक किडा इकडून तिकडं सरपटत जाईल. सगळ्या खेळाचं बी तिथं पडलं. ताजिरींना तारेत किडा दिसला. माझ्या आतेभावाला तारेत वेगळंच काही दिसलं, त्यावर येतोच.

तर महिनाभर मी हरत होतो. त्याच्याकडं स्नॉरलॅक्स. लठ्ठ, झोपाळू, आणि त्या पिढीतला सगळ्यात त्रासदायक गडी. कर्स नावाचा डाव खेळला की वेग कमी होतो पण मारही वाढतो आणि बचावही. अंगाला लागलं की रेस्ट घेऊन दोन फेऱ्या झोपायचं आणि ताजंतवानं उठायचं. मी समोर टायफ्लोजन उभा करायचो, आगवाला, माझा लाडका, आणि तो पडेपर्यंत लढवायचो. शूर मर्द वगैरे. शाळेच्या इतिहासाच्या तासाचा परिणाम असणार.

एका दुपारी मामा माजघरात आडवे झाले होते. मामा तरुणपणी तालमीत घुमलेले, कान मोडलेले. त्यांनी एका कुशीवर होऊन पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आरं, मार खालालंय नुसतं ते! भाईर काढ की त्याला!"

मी म्हटलं, मामा, बाहेर काढला तर आत येणाऱ्याला लागतं.

"मग ज्याला लागत नाही त्याला आत घे. येवढं सोपं!"

माझ्याकडं हॉन्टर होता. भूत. इथं प्रत्येक गड्याला आणि माराला एक जात असते, आग, भूत, वीज अशी. स्नॉरलॅक्सचा बॉडी स्लॅम हा साध्या जातीचा मार, आणि साधा मार भुताला लागतच नाही. मी टायफ्लोजन मागं घेतला, हॉन्टर पुढं केला. स्नॉरलॅक्सनं अंग टाकलं ते आरपार गेलं. पडद्यावर ओळ आली, काही परिणाम नाही. मामा उठून बसले.

"आता त्यो काय करंल?"

आता तो अर्थक्वेक मारेल, मी म्हटलं. भूकंप. हॉन्टर निम्मा विषारी जातीचा, त्या पिढीत भूकंपानं भुईसपाट व्हायचा.

"मग आता ह्यालाबी काढ!"

मी पिजट आत आणला. पक्षी. उडणाऱ्याला भूकंप कसला? परत काही परिणाम नाही. आतेभावाच्या कपाळावर आठी. आता पक्ष्याला मारायचं तर भूकंप सोडून बॉडी स्लॅमवर यायला हवं, आणि तो येणार हे मला दिसत होतं. मी पिजट काढला, हॉन्टर परत आत. तिसरा तडाखाही हवेत. लागोपाठ तीन फेऱ्या मी एकही फटका मारला नव्हता, आणि जिंकत होतो मी. मामांनी मांडीवर थाप मारली, अगदी आखाड्यातली. म्हणाले, "पैलवान वारंच धराय लागलाय!"

आणि पडदा गोठला. आतेभावाचा हात तारेवर होता. म्हणाला, "सैल होती, निघाली."

वीस वर्षं होऊन गेली. ती तार सैल नव्हती. मी पुढं ती तपासलीय. (हशा, टाळ्या) त्या सुट्टीत ती तार एकूण अकरा वेळा 'निघाली', आणि अकराही वेळा मी जिंकत असताना. गणिताचा माणूस म्हणून सांगतो, योगायोगाला एक मर्यादा असते. पण आजच्या विषयाच्या दृष्टीनं पाहाल तर तोही माघारीचाच प्रकार, आणि त्याची किंमत शून्य. फुकट माघार मिळाली की माणूस कसा वागतो याचा नमुना तिसऱ्या रांगेत आहे.

चिठ्ठी आलीय. 'वेळ: १५ मि.' बरं. अजून पहिली पिढी व्हायचीय.

१९९६ साली जपानात रेड आणि ग्रीन आले. तेव्हा जमिनीवर काटे नाहीत, पळणाऱ्याला पकडणारा मार नाही. माघार जवळपास फुकट. त्या पिढीचं आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. तिथं 'शंभर टक्के लागणारा' मार २५६ मधून एकदा चुकायचा. यंत्र शून्य ते २५५ यातला एक आकडा काढायचं आणि तो २५५ हून लहान असला तरच मार लागायचा. २५५च आला तर? चुकला. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा लहान किंवा समान' यातला फरक मी आठवीच्या पोरांना दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी ते विचारतात की सर, याचा उपयोग काय. तिथंच भुताचा मारा सायकिक, म्हणजे मनाच्या शक्तीनं लढणाऱ्या, जातीवर भारी पडायला हवा होता. आज्ञावलीतल्या चुकीनं तो शून्य झाला, आणि अलाकझॅम, स्टार्मी, एक्झेग्यूटर ही सायकिक मंडळी राज्य करून गेली.

दुसरी पिढी १९९९. स्पाइक्स आले, म्हणजे आत येणाऱ्याच्या पायात काटे, एकूण ताकदीचा आठवा हिस्सा गेला. आणि परस्यूट आला, पळणाऱ्याच्या पाठीत दुप्पट जोरानं बसणारा मार. भाव ठरायला सुरुवात झाली ती इथं. तिसऱ्या पिढीत, २००२ ला, काट्यांचे तीन थर घालता येऊ लागले, तिन्ही घातले तर चौथा हिस्सा. त्यावर लोकांनी स्कारमोरी आणि ब्लिसी ही जोडी काढली. एक लोखंडी पक्षी, एक गुबगुबीत परिचारिका. अंगाचा मार पक्ष्यानं झेलायचा, दुरून आलेला परिचारिकेनं, आणि दोघांनी आलटून पालटून आत-बाहेर करत समोरच्याला काट्यांवरनं चालवायचं. या जोडीच्या कुस्त्या अंधार पडेपर्यंत निकाली व्हायच्या नाहीत.

चौथी पिढी, २००६, ही माझी आवडती, आणि तिला मी पंधरा मिनिटं ठेवली होती. आता दोन. स्टेल्थ रॉक आला. हवेत तरंगणारे टोकदार दगड, एकदा सोडले की येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या जातीप्रमाणं टोचणार. चॅरिझार्ड हा आग आणि पंख दोन्ही असलेला, दोन्ही जातींना दगड वर्ज्य, त्यामुळं नुसतं मैदानात पाऊल टाकलं की निम्मा जीव गेला. निम्मा! ज्याच्या चित्राच्या वह्या आपण विकत घेतल्या, तो दारातच अर्धा मेला. घरपट्टी इतकी वाढली की माणसानं घरातच जाऊ नये.

आणि परस्यूटचं खरं रूप इथं दिसतं. समोर टायरानिटार, दगडी राक्षस, तुमचा गेंगार, भूत. थांबलात तर तो क्रंच मारतो, जोर ८०. पळालात तर परस्यूट, मुळात ४०, पळणाऱ्याला दुप्पट, म्हणजे परत ८०. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्हींची खोली टेप लावून सारखी केलेली. पण गेंगार वेगानं जास्त. तो थांबून फोकस ब्लास्ट मारू शकतो, टायरानिटारला चौपट लागतो, फक्त शंभरात सत्तर वेळाच नेम बसतो. आणि समोरच्यानं तुम्ही पळाल म्हणून परस्यूट निवडलेला असला नि तुम्ही थांबलात, तर तुम्हाला ४०चाच बसतो. म्हणजे प्रश्न गेंगार-टायरानिटारचा राहतच नाही. समोर बसलेला माणूस तुम्हाला किती भित्रा समजतो, हा प्रश्न. याच पिढीत यू-टर्न आला: मारायचं आणि त्याच दमात मागं फिरायचं. त्याबद्दल फळ्यावर आकृती काढणार होतो. फळा नाही म्हणतात.

दुसरी चिठ्ठी. पळतो.

२०१०, पाचवी. लढाईआधीच दोघांना एकमेकांचे सहाच्या सहा गडी दिसू लागले, आणि मागं घेतल्यावर तिसरा हिस्सा ताकद परत देणारा रिजनरेटर गुण आला, म्हणजे माघारीवर उलट व्याज. २०१३, सहावी: डिफॉग नावाच्या डावानं जमिनीवरचे काटे-दगड झाडून काढता येऊ लागले, पण आपले आणि त्याचे दोन्ही. २०१६ ला सातवी, झेड-मूव्ह, तिला माफ करा. २०१९, आठवी: परस्यूट काढूनच टाकला, आणि जाड बूट आले, घातले की काटेही टोचत नाहीत आणि दगडही. वीस वर्षं वाढवलेला भाव एका चपलेच्या जोडानं पाडला. २०२२, नववी: टेरास्टल. लढाईत एकदा, उभ्या जागी गड्याची जातच बदलायची. मामांच्या प्रश्नाला दिलेलं हे नवं उत्तर आहे. ज्याला लागत नाही त्याला आत घ्यायला नको, जो आत आहे त्यालाच न लागणारा करा.

जागतिक स्पर्धा दोन-दोनच्या जोडीनं खेळतात, सहातून चार निवडून, आणि त्यावर वेगळं व्याख्यान लागेल. पण एक सांगून थांबतो. २०१४, वॉशिंग्टन. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जगज्जेता झाला, आणि त्याच्या संघात पाचिरिसू होता. पाचिरिसू म्हणजे शेपटीवाली, विजेची, पिटुकली खार. कुणी ढुंकून बघत नव्हतं. शेजारी त्यानं ग्याराडोस ठेवला, ज्याला वीज चौपट लागते. समोरच्यानं ग्याराडोसवर वीज सोडली की खारीनं 'फॉलो मी' करून ती स्वतःवर ओढायची, आणि तिच्या अंगात गुण असा की वीज लागली की गेलेली ताकद भरून येते. मग कुणाला मागं घ्यायची गरजच नाही. मामा असते तर नाटकगृह डोक्यावर घेतलं असतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बाहेर चहा आणि भडंग आहे. एक जाहीर करतो. जुन्या कॅसेटमधली बॅटरी मरून माझा टायफ्लोजन, हॉन्टर, पिजट सगळे गेले होते. नवी बॅटरी डकवून गेले चार महिने रात्री जागून मी तिघांना पुन्हा वाढवलंय. दोन्ही गेम बॉय पिशवीत आहेत, तारही आहे. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी कृपया पुढं यावं. तारेची दोन्ही टोकं मी चिकटपट्टीनं गुंडाळून आणलीयत.